रबरबँडने धडधड थांबत नाही

पत्र: माझं वय 36. वर्षभरापूर्वी ऑफिसच्या लिफ्टमध्ये अचानक छातीत धडधडायला लागलं, हातपाय गार पडले, श्वास पुरेना. आता सगळं संपलं असंच वाटलं. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल निघालं. डॉक्टर म्हणाले, पॅनिक डिसऑर्डर आहे, सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) घ्या. आठ महिने दर आठवड्याला एका समुपदेशकांकडे जातोय. ते चांगले आहेत, शांतपणे ऐकून घेतात. आठवडा कसा गेला ते मी सांगतो, माझे चुकीचे विचार ते दाखवून देतात, दीर्घश्वसन करून घेतात. मनगटाला रबरबँड आहे. भीतीचा विचार आला की तो ताणून सोडायचा आणि मनात ‘स्टॉप’ म्हणायचं. सकाळी आरशासमोर ‘मी शांत आहे, मी खंबीर आहे’ दहा वेळा. अटॅक कमी झालेत. पण लिफ्ट बंद, हायवेवर गाडी चालवणं बंद, मीटिंगमध्ये दाराजवळचीच खुर्ची. खिशात अल्प्राझोलामची (घबराट लगेच कमी करणारी) गोळी असते. घेत नाही, पण नसली की पाय उचलत नाही. बायको सोबत असेल तरच लांब जातो. सीबीटीला शास्त्रीय आधार आहे म्हणतात, मग मला का लागू पडत नाही? मीच कमी पडतोय का? की औषध सुरू करू?

उत्तर:

तुम्ही कमी पडत नाही आहात. आठ महिने न चुकता जाणारा, सांगितलेलं रोज करणारा माणूस कमी पडतोय असं कसं म्हणायचं? अडचण दुसरीकडेच आहे. तुम्ही जे वर्णन केलंय त्यात पॅनिकवरच्या सीबीटीचा गाभाच नाही. ‘मला लागू पडत नाही’ असं म्हणण्याआधी ती निदान एकदा मिळायला हवी.

अटॅक कमी झाले, याचं समाधान मी हिरावून घेऊ इच्छित नाही, पण तुमच्याच पत्रातला हिशोब जरा पुन्हा मांडून बघा. जिथे अटॅक येत होते त्या जागा तुम्ही एकेक करून सोडल्या. लिफ्ट गेली, हायवे गेला, मीटिंगमधली मधली खुर्ची गेली. अटॅक कमी होणारच. पॅनिकमध्ये सुधारणा मोजायची तर अटॅकच्या संख्येसोबत आयुष्य किती आक्रसलं तेही मोजावं लागतं. त्या मापाने तुम्ही आठ महिन्यांपूर्वीपेक्षा बहुधा मागे आहात.

आता ‘शास्त्रीय आधार’. हा शब्द हल्ली फार सैल वापरला जातो. दोन दिवसांची कार्यशाळा केलेलाही पाटीवर ‘पुरावाधारित’ लिहितो. उपचाराला पुरावा आहे असं कुणी म्हणालं की विचारावं: कोणत्या आजारावर? कशाच्या तुलनेत? आणि उपचाराच्या नेमक्या कोणत्या भागामुळे? तुलना फक्त प्रतीक्षायादीतल्या रुग्णांशी केली असेल तर जवळपास कुठलीही बरी थेरपी उजवी दिसते, कारण समोरच्याला काहीच मिळालेलं नसतं. सीबीटीचे भक्त एक गोष्ट सांगत नाहीत, ती मी सांगते. नैराश्यावरच्या 409 चाचण्या आणि 52 हजारांवर रुग्णांचा एकत्रित अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उपचार न मिळालेल्यांपेक्षा किंवा नेहमीची देखभाल मिळालेल्यांपेक्षा सीबीटी स्पष्टपणे सरस ठरली, पण बोलण्यातून होणाऱ्या इतर थेरपींशी तुलना केली तेव्हा फरक उरला नावापुरता. म्हणजे नैराश्यासाठी तुम्ही कुणा चांगल्या थेरपिस्टकडे जात असता आणि पद्धत दुसरीच असती, तर मी फारसं मनावर घेतलं नसतं.

पॅनिकची गोष्ट वेगळी. इथे उपचाराचे भाग सुटे करून कोणता किती उपयोगी पडतो ते तपासता आलंय. 2018 मध्ये 72 अभ्यास आणि चार हजारांवर रुग्ण घेऊन नेमकं हेच काम झालं. सीबीटीच्या नावाखाली जे जे दिलं जातं त्यातलं काय असलं की रुग्ण जास्त बरे होतात? वर आलं ते शरीरातल्या भीतीदायक संवेदना मुद्दाम निर्माण करून त्यांना सामोरं जाणं, आणि थेरपिस्टशी समोरासमोर होणारा उपचार. स्नायू शिथिल करण्याच्या व्यायामाचा संबंध मात्र कमी परिणामाशी दिसला. ही तुलना बरीचशी अप्रत्यक्ष असते, त्यामुळे ती काळ्या दगडावरची रेघ मानू नये. पण तिची दिशा बाकीच्या पुराव्याशी जुळते. दीर्घश्वसनाचंही तसंच. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पॅनिकच्या सीबीटीमध्ये श्वासाचं प्रशिक्षण जोडून आणि वगळून पाहिलं, तर जोडल्याने जास्तीचा फायदा दिसला नाही.

रबरबँडबद्दल थोडं कडक बोलते. विचार थांबवण्याची ही युक्ती जुनी आहे, आणि ती अजून का टिकलीय कळत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी 1987 मध्ये लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आला तर घंटा वाजवा. घंटा वाजत राहिल्या. पुढे ‘आता खुशाल विचार करा’ म्हटल्यावर या लोकांना अस्वल इतरांपेक्षा जास्त आठवलं. तुमच्या बाबतीत तर आणखी एक भर पडते: रबरबँड ओढताना तुम्ही दर वेळी स्वतःलाच सांगता की हा विचार धोकादायक आहे, तो लगेच हाकलला पाहिजे. आरशासमोरच्या वाक्यांवरही प्रयोग झालेत. 2009 मध्ये मानसशास्त्रज्ञ जोआन वूड आणि सहकाऱ्यांना दिसलं की ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच वाईट असतं, त्यांना स्वतःची स्तुती करणारं वाक्य पुन्हा पुन्हा म्हटल्यावर उलट जास्त वाईट वाटतं. मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी 1960च्या दशकात सीबीटीची ही पद्धत उभी केली ती सुविचार पाठ करण्यासाठी नव्हे. रुग्णाचा विचार हा एक अंदाज समजायचा आणि थेरपिस्ट-रुग्णाने मिळून तो खरा की खोटा हे तपासायचं, असा तो बेत होता. तपासायचं म्हणजे रुग्णाला वादात हरवायचं नाही. ‘तुमचा विचार चुकीचा आहे’ हे तुम्हाला आठ महिने कुणीतरी सांगतंय, आणि तुम्हालाही ते पटतं, खुर्चीत बसलेलं असताना. लिफ्टचं दार बंद झालं की पटलेलं सगळं बाहेर राहतं.

पॅनिकचं चक्र मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये मांडलं, आणि ते इतकं साधं आहे की ऐकल्यावर बऱ्याच रुग्णांना हसू येतं. जिना चढून, झोप कमी झाल्याने किंवा काहीच कारण नसताना छाती जरा धडधडते. मन तिचा अर्थ लावतं: हार्ट अटॅक. त्या अर्थाने भीती वाटते, भीतीने ॲड्रेनलिन वाढतं, धडधड वाढते, अर्थ पक्का होतो. काही मिनिटांतच सगळं शिगेला. या चक्रात घाव घालायचा तो त्या अर्थावर, आणि अर्थ बदलतो अनुभवाने.

चांगल्या सीबीटीच्या सेशनमध्ये हे साधारण असं घडतं. थेरपिस्ट विचारतात, धडधड सुरू झाली की नेमकं काय होईल? ‘काहीतरी होईल’ हे उत्तर चालत नाही. खणत गेल्यावर निघतं: ‘चक्कर येऊन कोसळेन.’ किती खात्री? 80 टक्के. हे कागदावर लिहिलं जातं, तारखेसह. मग दोघंही उभे राहतात. हो, थेरपिस्टसुद्धा. एक मिनिट भराभर, खोल श्वास घ्यायचे. थोड्याच वेळात बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, डोकं हलकं पडतं, खोली जरा लांब गेल्यासारखी वाटते. तुमचा हात आपोआप टेबलाच्या कडेकडे जातो. थेरपिस्ट म्हणतात, हात काढा. मग म्हणतात, आता एका पायावर उभे राहा. मग म्हणतात, मुद्दाम पडून दाखवा. इथे बहुतेक लोक थेरपिस्टकडे वेड्यासारखं बघतात. मिनिट संपतं. दोघं बसतात. कागद समोर: काय लिहिलं होतं, काय झालं? ‘पडलो नाही. पण पडणार असं वाटत होतं.’ हा ‘पण’ महत्त्वाचा आहे, त्यावर बोलणं होतं. वाटणं खरं होतं, अंदाज खोटा निघाला. आता खात्री किती? 45. पुन्हा करू.

स्पष्टीकरण यानंतर द्यावं, आधी नाही; आधी दिलं की ते आणखी एक धीराचं वाक्य होऊन बसतं. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मुंग्या आणि हलकं डोकं त्याचंच. बेशुद्ध पडायला रक्तदाब झपकन खाली यावा लागतो आणि पॅनिकमध्ये तो सहसा वाढलेला असतो. (याला एक खरा अपवाद आहे: रक्त आणि सुई बघून घाबरणारे लोक. त्यांचा दाब खरोखर पडतो आणि ते खरोखर कोसळतात, म्हणून त्यांना उलट स्नायू आवळायला शिकवतात. तुमचं ते नाही.)

श्वासाऐवजी कधी फिरत्या खुर्चीत मिनिटभर गरगर फिरवतात, कधी नाक धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतात, कधी जागच्या जागी पळवतात. तुमची जी संवेदना सगळ्यात भीतीची, तिच्याशी जुळणारा व्यायाम निवडायचा. तुमच्या हृदयाच्या तपासण्या झाल्यात, तरीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारा; दमा, अपस्मार, हृदयविकार किंवा गर्भारपण असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय हे करूच नये.

खोलीतलं झालं की लिफ्ट. इथे जुनी समजूत अशी होती की भीती ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं, स्वतःच दिलेला भीतीचा आकडा निम्म्यावर आला की बाहेर. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्के आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये याची फेरमांडणी केली, आणि मला ती पटते. भीती किती कमी झाली यापेक्षा, जे होईल असं वाटलं होतं ते झालं का, हा प्रश्न मोठा. म्हणून लिफ्टमध्ये जाताना ‘शांत राहायचं’ हे उद्दिष्ट ठेवू नका. घाबरून घामाघूम झालात आणि तरी कोसळला नाहीत, तर प्रयोग यशस्वी. शांतपणे गेलात, पण अंदाजच लिहिला नव्हता, तर शिकलात काय? एकाच लिफ्टमध्ये रोज ठरल्या वेळी जाऊ नका. वेगवेगळ्या लिफ्ट, रिकाम्या, गच्च भरलेल्या, कॉफी पिऊन छाती आधीच धडधडत असताना, नीट झोप न झालेल्या दिवशी. शिकलेलं एकाच जागेला चिकटून राहू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

आता खिशातली गोळी. तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाची ओळ हीच वाटली, ‘घेत नाही, पण नसली की पाय उचलत नाही’. मानसशास्त्रज्ञ पॉल साल्कोव्हस्किस यांनी 1991 मध्ये नेमकी हीच गाठ दाखवली. माणूस शंभर वेळा घाबरतो, शंभर वेळा काही होत नाही, तरी भीती का जात नाही? कारण दर वेळी तो म्हणतो, वाचलो ते खिशात गोळी होती म्हणून. दाराजवळ बसलो होतो म्हणून. बायको बरोबर होती म्हणून. न झालेल्या अपघाताचं श्रेय गोळी घेऊन जाते. तुमची यादी मी पत्रावरून करू शकते, पण ती तुम्हीच करा, आणि बारीकसारीक गोष्टीही धरा: नाडी तपासणं, मोबाइलमध्ये डॉक्टरांचा नंबर उघडून ठेवणं, भिंतीला टेकून चालणं, पाण्याची बाटली, रबरबँड. दीर्घश्वसनसुद्धा, जर ते ‘आता हे केलं नाही तर मेलो’ म्हणून होत असेल. मग प्रयोगात ही एकेक गोष्ट घरी ठेवायची. सगळ्या एका दिवशी टाकायच्या नाहीत, पण एखादी टाकल्याशिवाय तो प्रयोग धरायचाही नाही. तुम्ही गोळी घेत नाही म्हणून ती घरी ठेवणं हा प्रयोग तुम्हाला जमण्यासारखा आहे. जे लोक अल्प्राझोलाम रोज घेतात त्यांनी मात्र हे वाचून ती अचानक बंद करू नये. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावी लागते.

तुमच्या पत्नींचा यात मोठा वाटा आहे, आणि त्यांना कुणी काही सांगितलेलं दिसत नाही. ‘काही होणार नाही ना?’ असं तुम्ही विचारता, त्या ‘नाही होणार’ म्हणतात. प्रेमानेच म्हणतात, पण त्या उत्तराची मुदत दहा मिनिटं असते. एका सेशनला त्यांना सोबत न्या. तिथे ठरवून घ्या की यापुढे त्यांनी उत्तराऐवजी विचारायचं, ‘कागदावर काय लिहिलंयस?’ त्यांना कदाचित ते निष्ठुर वाटेल. तुम्हालाही वाटेल, पहिले काही दिवस.

औषधाचं विचारलंत. पॅनिकवर एसएसआरआय गटातल्या (नैराश्यावरही दिल्या जाणाऱ्या) औषधांना चांगला पुरावा आहे आणि ती घेण्यात कमीपणा नाही. अल्प्राझोलामसारख्या बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या पॅनिक डिसऑर्डरसाठी देऊ नयेत असं इंग्लंडची नाइस ही मार्गदर्शक संस्था सांगते. 1993 च्या एका मोठ्या चाचणीत अल्प्राझोलामसोबत एक्सपोजर (भीतीच्या गोष्टींना मुद्दाम सामोरं जाणं) केलेल्यांना त्याचा फायदा नंतर टिकवता आला नाही, असंही दिसलं होतं. औषध अधिक सीबीटी म्हणजे दुप्पट फायदा, हे गणितही सरळ नाही. 312 रुग्णांची एक अमेरिकन चाचणी 2000 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात इमिप्रामिन हे जुनं औषध, सीबीटी, दोन्ही एकत्र, असे गट होते. उपचार चालू असताना एकत्रवाले मागे नव्हते. उपचार थांबवून सहा महिने झाल्यावर मात्र नुसती सीबीटी घेतलेल्यांची सुधारणा जास्त टिकली. एक कारण असं सुचवतात की एकत्रवाल्यांनी श्रेय औषधाला दिलं असावं, खिशातल्या गोळीसारखंच. माझं मत विचाराल तर, तुम्हाला नैराश्य नसेल आणि रोजचं काम चालू असेल, तर आधी नीट सीबीटी करून बघा. पण मन सतत खचलेलं असेल, झोप-जेवण उडालं असेल किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर यातलं काही करून बघत थांबायचं नाही. लगेच मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

राहिले तुमचे समुपदेशक. त्यांच्याशी तुमचं नातं चांगलं आहे, त्याला किंमत आहे. थेरपिस्टवरचा विश्वास आणि परिणाम यांचा संबंध अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलाय. म्हणून आधी त्यांनाच विचारा. वाद घालायला नको, सरळ म्हणा: ‘माझ्या पॅनिकसाठी आपण शरीरातल्या संवेदनांचं एक्सपोजर करू शकतो का? आणि मी टाळतोय त्या जागांची यादी करून तिथे कधी जायचं ते ठरवू शकतो का?’ पुष्कळ थेरपिस्ट एक्सपोजर टाळतात. रुग्णाला त्रास होईल, तो सोडून जाईल, सेशनमध्येच अटॅक आला तर काय, ही भीती त्यांचीही असते. ते मोकळेपणाने ‘मला याचं प्रशिक्षण नाही’ म्हणाले तर तो प्रामाणिकपणा समजा आणि कुणाकडे जावं तेही त्यांनाच विचारा.

ते तयार असतील, तर मोजमाप मागा. पॅनिकची तीव्रता मोजणारी 1997 पासून वापरात असलेली सात प्रश्नांची प्रश्नावली आहे, 0 ते 28 गुण. त्यात अटॅकबरोबर टाळाटाळ आणि कामावरचा परिणामही मोजला जातो. पहिल्या दिवशी भरा, मग दर दोन आठवड्यांनी. नाइसच्या मार्गदर्शनात पॅनिकसाठी सीबीटी एकूण 7 ते 14 तास, आणि सुरुवातीपासून जास्तीत जास्त चार महिन्यांत पूर्ण, असं म्हटलंय. तुमचे आठ महिने होऊन गेलेत. चौकट सगळ्यांना तंतोतंत बसत नाही, काहींना जास्त लागतं, काहींना सगळं नीट करूनही पुरेसा फरक पडत नाही आणि तेव्हा औषधाकडे किंवा दुसऱ्या उपचाराकडे वळावं लागतं. पण गुण किती उतरले हे कुणी बघतच नसेल, तर वळायची वेळ आली हे कळणार कसं?

पुढच्या तीन सेशनमध्ये एकही अंदाज कागदावर आला नाही, एकदाही खुर्चीतून उठवलं गेलं नाही, तर थेरपिस्ट बदला. त्यांना तसं सांगून, आभार मानून बदला. नव्या थेरपिस्टना पहिल्या फोनवरच विचारा की पॅनिकच्या रुग्णासोबत तुम्ही सेशनमध्ये नेमकं काय करता. उत्तरात मुद्दाम धडधड आणणं, गरगर फिरवणं, लिफ्टपर्यंत सोबत येणं असं काही ऐकू आलं, तर पहिल्या भेटीची वेळ घेऊन टाका.